नाण्यावरील अग्नी

इ. स. २२४ मध्ये अर्देशीराने पार्थियन सम्राटाचा पराभव केला व इराणात सासानी घराण्याचे राज्य सुरू झाले. त्याच्या सोन्याच्या दिनारावर एका बाजूस राजाचे मुख व ‘मज्दाचा उपासक’ ही अक्षरे आहेत. दुसऱ्या बाजूस वेदीवर प्रज्वलित अग्नी असून भोवती ‘अर्देशीराचा अग्नी’ असे लिहिले आहे. अहुर मज्दाला भजणारे जरथुष्ट्री लोक अग्नीस परम पवित्र मानतात. सोन्याची नाणी थोडीच पाडली जात. हाती खेळे ते चांदीचे नाणे. त्यावरही हीच वेदी असे. इ. स. ६५१ मध्ये शेवटचा सम्राट यज्दगर्द मारला गेला आणि राज्य अरबांकडे गेले. नाण्यावरची ज्योत मात्र विझली नाही! अरब सुभेदारांनी कित्येक वर्षे चांदीच्या नाण्यांवर तीच वेदी राहू दिली. कडेला फक्त ‘अल्लाच्या नावाने’ हे अरबी शब्द घातले.