आजोबांना जरा धाप लागू दे

चि. बंटीस,


ज्येष्ठ नागरिक संघात तू सकाळचा व्यायामवर्ग घेतोस, हे कळल्यावर बरं वाटलं. पण सोबत पाठवलेली आखणी वाचली आणि राहवलं नाही. पाऊण तासात मान वळवणं, हात फिरवणं, टाळ्या, हास्य आणि शेवटी प्रार्थना. हसण्याला माझी ना नाही, पण यात मांडीच्या स्नायूला काम कुठे आहे?

स्नायूतला पूर्ण वाढलेला तंतू पुन्हा विभागत नाही, हे तू शिकलायस. म्हातारपणी त्याची डागडुजी आतल्या आतच व्हायची असते: जुनी प्रथिनं मोडून नवी घडवायची, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका (मायटोकाँड्रिया) धडधाकट ठेवायच्या, कडेला निपचित पडलेल्या सॅटेलाइट पेशींना जागं करायचं. वयाबरोबर सर्वांत जास्त बारीक होतात ते जलद तंतू, आणि सॅटेलाइट पेशीही त्यांच्याच कडेच्या जास्त घटतात. न्हाणीघरात पाय घसरला की क्षणात सावरतात ते हेच तंतू. रमतगमत फिरताना मात्र संथ तंतूच राबतात. जलद तंतूंची पाळी जोर लावल्याशिवाय येत नाही. म्हणून ‘रोज तासभर चालतो की’ म्हणणारे आजोबाही खुर्चीतून उठताना हातांचा टेकू घेतात.

मेयो क्लिनिकमध्ये श्रीकुमारन नायर यांच्या गटाने केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तो मुळातून वाच. १८ ते ३० आणि ६५ ते ८० अशा दोन वयोगटांतल्या लोकांना १२ आठवडे तीन प्रकारचे व्यायाम दिले: काहींना सायकलवर चार-चार मिनिटं दमछाक होईल असे फेरे आणि मध्ये उसंत, काहींना वजनं, काहींना दोन्हींचं सौम्य मिश्रण. दमछाकीच्या गटात तंतुकणिकांची क्षमता तरुणांमध्ये ४९ टक्के वाढली, ज्येष्ठांमध्ये ६९ टक्के. वजनं उचलणाऱ्यांची ताकद आणि स्नायूंचं वस्तुमान वाढलं, पण तंतुकणिकांना तसा उठाव मिळाला नाही. ‘थोडं हे, थोडं ते’ करणाऱ्या ज्येष्ठांच्या तंतुकणिकांवरही तेवढा परिणाम दिसला नाही. मला यातलं हे शेवटचंच सर्वांत बोलकं वाटतं, कारण आपले बहुतेक वर्ग नेमके असेच असतात.

‘पण वय झालंय हो’ असं कुणी म्हणालं तर १९९० चा बॉस्टनचा प्रयोग सांग. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीच्या मध्यावरचा स्नायू मात्र ९ टक्क्यांच्या आसपासच भरला, कारण सुरुवातीची बरीचशी ताकद मज्जातंतू कामाला लागल्यामुळे येते. तेव्हा महिनाभरात दंड फुगले नाहीत म्हणून कुणाला नाराज होऊ देऊ नकोस.

आता करायचं काय? आठवड्यातले दोन दिवस फक्त ताकदीचे ठेव: रबरी पट्टे, वाळूच्या पिशव्या, पायरी चढउतार. शेवटच्या दोन-तीन आवर्तनांना कष्ट पडलेच पाहिजेत. श्वास रोखू देऊ नकोस, रक्तदाब चढतो. तिसऱ्या दिवशी बोलताना वाक्य तुटेल इतपत चढावर भरभर चालणं आणि मग उसंत, असे फेरे. मेयोतली माणसं निरोगी होती आणि देखरेखीखाली होती, हे विसरू नकोस. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांना डॉक्टरांच्या होकाराशिवाय या फेऱ्यांत घेऊ नकोस. जेवणाचंही विचार. रात्री नुसत्या मऊ भातावर भागवणाऱ्यांची नवी प्रथिनं घडणार कशातून? वरण, दही, चालत असेल तर अंडं, काहीतरी हवंच.

सोमवारी वर्ग सुरू करण्याआधी प्रत्येकाला हात छातीशी घेऊन खुर्चीवरून उठायला-बसायला लाव. ३० सेकंदांत किती वेळा जमतं ते नावापुढे लिहून ठेव आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोज. ती वही मला दाखवायला आण.

तुझी,
आत्या