माठाचं पाणी गार का होत नाही?

‘हौसेनं माठ आणला, पण पाणी काही गार होत नाही,’ ही तक्रार दर उन्हाळ्यात कानावर येते. मग आठ-दहा दिवसांत माठ गॅलरीत जातो आणि फ्रिजच्या दारात पुन्हा पाच बाटल्या उभ्या राहतात. तक्रार करणाऱ्यांच्या घरी गेलं की कारण बहुतेक वेळा दारातूनच दिसतं. माठ फ्रिजला खेटून, भिंतीला टेकवून, स्टीलच्या ताटलीत ठेवलेला असतो आणि त्याच्या अंगावर तैलरंगाची सुंदर वेलबुट्टी असते. असा माठ पाणी साठवील, गार करणार नाही.

माठ कसा चालतो हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर पाझरतं, वाऱ्यानं उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता नेतं. या हिशेबानं दहा लिटर पाणी दहा अंशांनी उतरवायला कागदावर जेमतेम पावणेदोनशे मिलिलिटर पाणी उडावं लागतं. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता सारखी आत शिरत असते, म्हणून जास्त उडतं. सकाळी माठ थोडा रिता दिसला तर तो गळतोय असं समजू नका. त्यानं रात्रभर काम केलेलं असतं.

माठ होळीच्या सुमाराला, शक्यतो कुंभाराकडूनच घ्या. बोटाच्या पेरानं चहूबाजूंनी वाजवून पाहा. खणखणीत आवाज आला तर चांगला. कुठे बद्द वाजला तर तिथे तडा आहे किंवा भाजणी कच्ची राहिली आहे. लाल की काळा, यात फार अडकू नका. अंग खरखरीत आणि कोरं हवं, हे महत्त्वाचं. रंग, रोगण, चकाकी असलेला माठ दिवाणखान्यात ठेवायला घ्या, पाण्यासाठी नको, कारण रंगानं छिद्रं बुजलेली असतात. घरात वयस्कर माणसं असतील तर तोटीचा माठ सोयीचा पडतो. मात्र तोटीच्या खालचं पाणी तसंच साचून राहतं, ते रोज ओतून टाकावं लागतं.

घरी आणल्यावर माठ साध्या पाण्यानं आतून-बाहेरून धुवा आणि मोठ्या टबात दिवसभर बुडवून ठेवा. साबण अजिबात लावू नका. माती तो शोषून घेते आणि पुढे कित्येक दिवस पाण्याला त्याचा वास येतो. मग माठ काठोकाठ भरून रात्रभर ठेवा. सकाळी सगळं अंग सारखं ओलसर दिसायला हवं. एकाच जागी धार किंवा थेंब दिसले तर माठ बदलून आणा. पहिली दोन-तीन पाणी झाडांना घाला. मातीचा उग्र वास त्यानं जातो आणि हवाहवासा तेवढा उरतो.

आता जागा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. माठाला सावली हवी आणि वारा हवा, दोन्ही एकदम. खिडकीजवळ, पण ऊन येणार नाही अशा ठिकाणी तो तिवईवर ठेवा, म्हणजे तळालाही हवा लागेल. भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. शेगडीजवळ नको आणि फ्रिजशेजारी तर नकोच; फ्रिज आतली उष्णता बाहेरच टाकत असतो. उन्हाळा कडक असेल तर माठाभोवती सुती ओलं फडकं गुंडाळा आणि वाळलं की पुन्हा भिजवा. तिवईखाली पाणी ठिबकायला ताट ठेवलं असेल तर ते रोज ओता, नाहीतर त्यात डास होतील.

माठ संध्याकाळी भरायचा. रात्रीची हवा आणि वारा मिळाला की सकाळी पाणी तयार असतं. पाणी आधी गाळून किंवा उकळून निववलेलं असावं. माठ पाणी गार करतो, शुद्ध करत नाही. वर झाकण ठेवा आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानंच काढा. हात किंवा उष्टा पेला बुडवायचा नाही, हे घरातल्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवा. आवडत असेल तर वाळ्याची छोटी जुडी स्वच्छ धुऊन आत सोडा. दोन-तीन दिवसांनी ती उन्हात वाळवून पुन्हा वापरता येते.

दर दोन-तीन दिवसांनी माठ पूर्ण रिकामा करून आतून नुसत्या हातानं घासा. आठवड्यातून एकदा बाहेरून काथ्यानं चांगला घासा. पाणी उडून जातं, पण त्यातले क्षार मातीतच राहतात. पांढरे डाग दिसतात ते हेच. छिद्रं अशी भरत गेली की माठ ‘म्हातारा’ होतो. जड पाण्याच्या गावात तो एखाद्या उन्हाळ्यातच थकतो.

हवेचा भागही सांगायला हवा. नागपूर-अकोल्याकडे ४४ अंशांच्या कोरड्या दुपारी माठातलं पाणी पंचविशीच्या आसपास येऊ शकतं. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत मात्र चार-पाच अंशांचाच फरक पडतो, कारण हवेत आधीच ओल असते. कोकणात माठाकडून विदर्भाची अपेक्षा ठेवू नये.

आणि पैसे किती वाचतात? एक लिटर पाणी तिशीवरून दहा अंशांवर आणायला फ्रिजला साधारण एका युनिटचा शंभरावा भाग लागतो. रोजचे दहा लिटर धरले तरी महिन्याला तीनेक युनिटं. माठानं बिल निम्मं होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बचत दुसरीकडे आहे. दर पाच मिनिटांनी उघडणारं दार बंद राहतं, भाजी-दुधाला जागा मिळते आणि वीज गेली तरी पिण्याचं पाणी गारच राहतं. केवळ बाटल्या मावत नाहीत म्हणून जास्त लिटरचा फ्रिज घेतलेली घरं मी पाहिली आहेत. त्या खर्चापुढे माठाची किंमत ती काय!

पावसाळा लागला की माठ घासून, सावलीत तीन-चार दिवस पुरता वाळवून पालथा ठेवा. थकलेला माठ फेकू नका. अंगणात एखाद्या रोपाशेजारी तो गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरा आणि वर झाकण ठेवा. तो मुळांना हळूहळू पाणी देत राहील, आणि चार दिवस गावाला गेलात तरी रोप वाळणार नाही.