गाडीचे ऑइल : जाड पाहून नव्हे, नंबर पाहून घ्या

आपल्या व्यापारी बांधवांपैकी पुष्कळांकडे आता एखादी छोटी गाडी किंवा व्हॅन असते. दिवसा माल, संध्याकाळी घरची मंडळी. माल घेताना आपण धागा उकलून पाहतो, पण गाडीत कोणते ऑइल पडते आहे हे विचारीत नाही. मिस्त्री सांगेल ते, किंवा स्वस्त मिळेल ते. मीही हेच केले. ड्रममधले सुटे ऑइल घेऊन दोन-तीन वर्षे जुनी व्हॅन चालविली. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन विक्रीच्या दिवसांत, ती रस्त्यातच बंद पडली. इंजिनाखालचे चेंबर उघडले तर तळाशी डांबरासारखा गाळ, ऑइल खेचणारी जाळी तुंबलेली आणि बेअरिंग झिजलेले. दर खेपेस वाचविलेले शे-दोनशे रुपये एका बिलात गेले. ईदचा माल भाड्याच्या टेम्पोने आणावा लागला.

डब्यावर '५डब्ल्यू-३०' असे काही छापलेले असते. हा जाडीचा नंबर होय. सुताच्या काउंटमध्ये ४० पेक्षा ८० नंबर बारीक असतो; ऑइलचे उलट आहे, आकडा वाढला की ऑइल जाड. डेनियरची सवय असलेल्या पॉवरलूमवाल्या भाईंना हे चटकन समजेल. डब्ल्यू म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल कसे वाहते ते सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सिअस तापमानावर ते किती जाड राहते ते सांगतो. आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, पहिल्या आकड्याचे काय काम, असे गॅरेजात ऐकू येते. परंतु रात्रभर उभ्या गाडीतील ऑइल खाली उतरलेले असते. सकाळी चावी फिरविल्यावर ते वरच्या भागांपर्यंत जितक्या लवकर पोहोचेल तितकी झीज कमी.

सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे 'जाड ऑइल मजबूत'. जुन्या इंजिनात भागांमधील फट मोठी असे, म्हणून २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ठीक होते. नव्या इंजिनातील वाटा अरुंद आहेत. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना आज ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० किंवा त्याहूनही पातळ ऑइल सांगितलेले असते. त्यात जाड घातले तर ते उशिरा पोहोचते आणि अॅव्हरेजही घटते. उलट जुन्या इंजिनात फार पातळ घातले तर ते जळू लागते. म्हणून मिस्त्रीला विचारण्याआधी गाडीबरोबर आलेली पुस्तिका उघडावी. पान इंग्रजीत असले तर मुलाकडून वाचून घ्यावे, यात कमीपणा नाही.

नंबराखेरीज दर्जाची अक्षरेही पाहावीत. एपीआयच्या खुणेत 'एस'ने सुरू होणारा दर्जा पेट्रोलचा, 'सी'ने सुरू होणारा डिझेलचा. पेट्रोलमध्ये एसएन २०१० चा आहे, एसपी २०२० चा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर आलेल्या बऱ्याच डिझेल गाड्यांना धूर गाळणारा फिल्टर असतो. त्यांना कमी राख सोडणारे ऑइलच हवे, नाहीतर तो महागडा फिल्टर तुंबतो. उरलेले कार ऑइल मोटारसायकलीत ओतू नये. क्लच घसरू लागतो.

रंगावर जाऊ नका. डिझेलचे ऑइल थोड्याच दिवसांत काळे होते, कारण काजळी धरून ठेवणे हेच त्याचे काम आहे. बदलण्याची वेळ किलोमीटर आणि महिने पाहून ठरवावी. बाजारपेठेत थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीचे ऑइल पुस्तिकेतील मुदतीआधी बदललेले बरे.

आता थोडे आपल्याच लोकांविषयी. गॅरेज आणि भंगाराच्या धंद्यात आपले पुष्कळ भाई आहेत. नामांकित कंपनीचे रिकामे डबे जास्त भावाने कोणी मागत असेल, तर तो त्यात काय भरणार हे उघड आहे. बाजारातील धान्याच्या ढिगात प्रेषित (स.) यांनी हात घातला व आत ओल निघाली, तो प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. ऑइलचा डबाही तसाच ढीग आहे. गिऱ्हाइकाने सीलबंद डबा आपल्यासमोर उघडून घ्यावा, पक्के बिल घ्यावे आणि रिकामा डबा भोसकून टाकावा.

ऑइल भरल्यावर गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद झाल्यावर काही मिनिटांनी पट्टी काढून पाहावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असावे. 'थोडे जास्तच टाक' हे चुकीचे आहे. वरच्या खुणेच्या फार वर गेले तर ते घुसळून फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही. बदलल्याची तारीख व किलोमीटर बिलाच्या मागे लिहून ते बिल गाडीतच ठेवावे.