परदेशी कॉलेजला अर्ज करण्याआधी

शहापूर तालुक्यातल्या शेणव्यात आणि आजूबाजूच्या गावांत हल्ली बारावीची मुलं विचारायला लागली आहेत, "सर, बाहेरच्या देशात शिकायला जाता येईल का?" येतं, असं मी ठामपणे सांगतो. मराठी माध्यम, खेडेगावातली शाळा, राज्य मंडळाची परीक्षा, यातलं काहीही आडवं येत नाही. पण माझ्या भाचीचं एक वर्ष कसं वाया गेलं, तेही त्यांना सांगतो. ते वर्ष वाचवता आलं असतं, म्हणून इथे लिहितो आहे.

भाची गणितात हुशार. दहावी गावात केली, बारावी सायन्स शहापूरला. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नसते हे तिने वाचलं होतं, आणि ते खरं आहे. दाजींची भातशेती. फी नाही म्हटल्यावर त्यांनाही धीर आला. शहरातल्या एका एजंटाने बारावीच्या गुणांवर थेट इंजिनिअरिंगला प्रवेश मिळवून देतो असं सांगितलं आणि पैसे घेतले. अर्जासाठी भाचीच्या नावाने ईमेल खातं त्यानेच उघडलं, पासवर्डही स्वतःकडेच ठेवला. विद्यापीठाची पत्रं त्या खात्यात येत राहिली. एका पत्रात कमी असलेला कागद मागितला होता, पण ते घरी कोणाला कळलंच नाही. मुदत टळून गेल्यावर भाचीने स्वतः विद्यापीठाला लिहिलं, तेव्हा उलगडा झाला. अर्ज दोन कारणांनी बाद झाला होता. नुसत्या बारावीवर तिथे थेट प्रवेश मिळत नाही, आणि गुणपत्रिकेवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळत नव्हतं.

दोन्ही गोष्टी एजंटाला ठाऊक असायला हव्या होत्या, आणि त्या पहिल्याच दिवशी आमच्या कानावर घालणं त्याचं काम होतं.

आधी नावाचं सांगतो, कारण हे संकट महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक मुलावर येऊ शकतं. आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं नाव असतं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि बाकीचं नाव दुसऱ्या रकान्यात येतं. कुणी त्या दुसऱ्या रकान्यात वडिलांचं नाव घालतं, कुणी घालत नाही. परदेशातला कर्मचारी गुणपत्रिकेवरचा पहिला शब्द मुलीचं नाव समजतो आणि शेवटचा शब्द आडनाव. म्हणजे वडिलांचं नाव तिचं आडनाव होऊन बसतं आणि पासपोर्टवरची मुलगी त्याला वेगळीच वाटते. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर. आधारवर एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं, गुणपत्रिकेवर तिसरं. आमच्या गावाचं नावसुद्धा कागदोपत्री दोन-तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं.

यावर उपाय नववीपासूनच करायचा. दहावीचा परीक्षा अर्ज शाळा भरते तेव्हा मंडळाकडे जाणारी नावांची यादी पालकांनी स्वतः तपासावी. गुणपत्रिकेवर पुढे तेच छापून येतं. शाळा सोडल्यानंतर जनरल रजिस्टरमध्ये दुरुस्ती करणं फार अवघड होतं, आणि गुणपत्रिकेतल्या दुरुस्तीसाठी शाळेमार्फत वाशीला विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. पासपोर्ट काढताना दहावीची गुणपत्रिका समोर ठेवा आणि त्यावरची अक्षरं जशीच्या तशी उतरवा. आडनाव आडनावाच्याच रकान्यात, मुलाचं आणि वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात. एवढं केलं की पुढे कुठेही नुसत्या क्रमाचा खुलासा पुरतो. तो खुलासा मुख्याध्यापकांच्या इंग्रजी पत्रात दोन ओळींत देता येतो.

आता प्रवेशाबद्दल. जर्मनीत आपली बारावी तिथल्या शालान्त परीक्षेच्या तोडीची धरत नाहीत. नुसती बारावी झालेल्या मुलाला आधी श्टुडिएनकोलेग नावाचा सुमारे वर्षभराचा पूर्वतयारी वर्ग करावा लागतो, आणि त्यात शिरण्यासाठीही बहुधा जर्मन आणि गणिताची परीक्षा असते. इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्यांसाठी त्यातला टी-कुर्स. बारावीसोबत जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असेल, किंवा भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचं एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण झालं असेल, तर काही अटींवर त्याच विषयात थेट प्रवेशाची वाट उघडते. कोणत्या देशाचं कोणतं प्रमाणपत्र कशाच्या तोडीचं, हे जर्मनीची अनाबिन नावाची सरकारी माहितीसूची सांगते, आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. एजंटाने ती उघडून दाखवली असती तर आमचं वर्ष वाचलं असतं.

नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्रही लागतं. दिल्लीच्या जर्मन दूतावासाशी जोडलेलं हे केंद्र आपली गुणपत्रकं खरी आहेत का ते तपासतं. त्याची फी १८,००० रुपये, आणि प्रमाणपत्र हाती यायला आठवडे जातात. हिवाळी सत्रासाठी बऱ्याच विद्यापीठांची मुदत १५ जुलैला संपते. आपला बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि मूळ गुणपत्रिका त्यानंतर काही दिवसांनी हातात पडते. मधल्या थोड्या आठवड्यांत हे सगळं बसवणं अवघड, त्यात जुलैचा पाऊस. आमच्याकडे वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नाही, रेंजही जाते. शेवटच्या दिवशी अर्ज भरायला बसू नका. त्याआधीच एखाद्या दिवशी शहापूरला किंवा आसनगावहून गाडी धरून कल्याणला जा, आणि जिथे वीज आणि नेट दोन्ही आहे तिथे बसून शांतपणे भरा.

गुणांचं गणितही समजून घ्यायला हवं. जर्मनीत १ हा सर्वोत्तम श्रेणीअंक आणि ४ म्हणजे काठावर पास. आपले टक्के त्यात बसवायला ते एक सूत्र वापरतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, आलेल्या संख्येला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं आणि एक मिळवायचा. समजा मुलीला ८० टक्के आहेत. आपल्या मंडळात ३५ला पास हे धरून हिशेब केला तर श्रेणी सुमारे १.९ येते. समोरच्याने पासाची मर्यादा ५० समजली तर त्याच ८० टक्क्यांचे २.२ होतात. जागा थोड्या आणि अर्ज भरपूर असतात तिथे एवढ्या फरकानेही प्रवेश हुकू शकतो. म्हणून मुख्याध्यापकांच्या पत्रात स्पष्ट लिहून घ्या की उत्तीर्ण होण्यासाठी १००पैकी ३५ गुण लागतात. दहावीच्या गुणपत्रिकेत सहा विषय प्रत्येकी १००चे आणि बेरीज मात्र ५००पैकी, हे कोडंही बाहेरच्यांना सुटत नाही. सर्वोत्तम पाच विषयांची बेरीज धरली जाते, हे त्याच पत्रात नमूद करावं.

अमेरिकेची तऱ्हा निराळी आहे. तिथली कॉलेजं बहुधा नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण मागतात. नववी आणि अकरावी शाळेच्या पातळीवरच्या परीक्षा. त्यांचे निकाल मंडळाकडे नसतात, शाळेच्या कपाटातल्या निकालपत्रकांत असतात. ती पत्रकं ओल आणि वाळवी यांच्यापासून वाचलेली असली तर नशीब. म्हणून प्रत्येक इयत्तेचं प्रगतिपुस्तक घरी जपा आणि त्याची शाळेच्या शिक्क्याची प्रत काढून ठेवा. अमेरिकेतली कॉलेजं शाळेची ओळख सांगणारं पत्रही मागतात. आमच्यासारख्या शाळांना कुणी समुपदेशक नसतो, तेव्हा हे काम वर्गशिक्षकांनी अंगावर घ्यावं. शाळा कोणत्या गावात आहे, माध्यम कोणतं, पट किती, प्रयोगशाळा आहे की नाही, मुलं किती लांबून चालत येतात, हे खरंखरं लिहावं. तिथे मुलाचे गुण त्याच्या शाळेच्या परिस्थितीच्या पार्श्वभूमीवर तोलतात, त्यामुळे गरिबीची लाज धरून काही झाकण्यात मुलाचंच नुकसान आहे. ब्रिटनमध्ये अर्ज यूकॅसमार्फत जातो. तिथली पुष्कळ विद्यापीठं सीबीएसई आणि राज्य मंडळं यांच्यासाठी वेगवेगळी टक्केवारी ठरवतात, तेव्हा दुसऱ्या मंडळाच्या मुलाला मिळालेल्या प्रवेशावरून आपला अंदाज बांधू नये.

आपल्या ठाणे जिल्ह्यातून शिकायला परदेशी जाणं फार जुनं आहे, हे मी मुलांना आवर्जून सांगतो. कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३मध्ये अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाला अर्ज करताना त्या अठरा वर्षांच्या होत्या. आपण काय शिकलो आहोत हे त्यांनी अर्जात सांगितलं, आणि प्रवेशाच्या सगळ्याच अटींत आपण कदाचित बसणार नाही हेही मोकळेपणाने लिहिलं. कॉलेजने त्यांना प्रवेश दिला आणि १८८६मध्ये त्या एम.डी. झाल्या. तो अर्ज त्यांनी स्वतः लिहिला होता. मला त्यात सगळ्यात मोलाची वाटते ती ही गोष्ट. जे आहे ते आणि जे नाही ते, दोन्ही सरळ सांगितलं की समोरच्याला निर्णय घेता येतो. एजंटाच्या हातून भरलेल्या अर्जात नेमकं हेच हरवतं.

सगळे एजंट फसवे असतात असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्यापैकी अनेकांना खासगी संस्थांकडून प्रत्येक विद्यार्थ्यामागे कमिशन मिळतं, आणि मुलाला कुठे पाठवायचं हे त्यावरून ठरू शकतं. पैसे देण्याआधी तुम्हाला कमिशन कोणाकडून मिळतं, असं तोंडावर विचारा. ईमेल आणि पासवर्ड मुलाच्याच हातात असू द्या. अटींबद्दल शंका आली तर थेट विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला लिहा. साध्या इंग्रजीत चार ओळी पुरतात, आणि बहुतेक वेळा उत्तर येतं.

पैशांचंही उघड बोलायला हवं. जर्मनीत फी नसली तरी व्हिसासाठी वर्षभराचा खर्च एका बंद खात्यात दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून तो ११,९०४ युरो आहे. रुपयांत ही रक्कम १० लाखांच्या वर जाते. आपल्या तालुक्यात अनुसूचित जाती-जमातींची कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. राज्याची अनुसूचित जातींसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप यांचा आधार पदव्युत्तर शिक्षणाला आणि पीएच.डी.ला मिळतो, बारावीनंतरच्या पदवीला नाही. ज्या घरात पैसा नाही, तिथल्या मुलाने इथे चांगली पदवी घ्यावी आणि मग या शिष्यवृत्तीवर जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात काही कमीपणा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरही मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाल्यावरच बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले.

भाचीने पुढचं वर्ष जर्मन शिकण्यात घालवलं. आठवड्यातून काही दिवस पहाटे आसनगाव स्टेशन गाठायची, मुंबईचा वर्ग करून रात्री परतायची. कागदपत्रं आम्ही दोघांनी मिळून नव्याने लावली आणि अर्ज तिने स्वतः भरला. श्टुडिएनकोलेगची प्रवेश परीक्षा ती पास झाली आणि टी-कुर्सला बसली. घरचं कर्ज अजून फिटायचं आहे.

शेणवा, किन्हवली, सरळगाव या पट्ट्यातल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. या जूनमध्ये नववीचा वर्ग सुरू झाला की प्रत्येक मुलाचं नाव, त्याचं इंग्रजी स्पेलिंग आणि जन्मतारीख आधार कार्डाशी पडताळून पाहा आणि चूक असेल तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या.