देह ही अमानत : वार्धक्यातील व्यायाम

पवित्र कुरआनने सूरह अर-रूममध्ये (३०:५४) मानवी आयुष्याचा क्रम सांगितला आहे : आधी दुर्बलता, मग सामर्थ्य आणि पुन्हा दुर्बलता व वार्धक्य. हा क्रम कोणालाही टळलेला नाही. परंतु वार्धक्य येणे वेगळे आणि हालचाल सोडून देऊन पंगुत्व ओढवून घेणे वेगळे. पहिली गोष्ट अल्लाहची योजना आहे. दुसरीचा मात्र विचार करावा लागेल, कारण शरीर कशात झिजविले, हा प्रश्न कियामतच्या दिवशी विचारला जाणार असल्याचे हदीसमध्ये आले आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या दुआंमध्ये आळसापासून आणि जराजर्जर अवस्थेपासून अल्लाहचा आश्रय मागत. सहीह बुखारीतील वृत्तान्तानुसार ते दर शनिवारी कुबाच्या मशिदीत जात. कधी वाहनावरून, तर कधी पायी. मस्जिद-ए-नबवीपासून हे अंतर तीन किलोमीटरहून अधिक आहे आणि मदिनेच्या त्या काळात प्रेषितांचे (स.) वय पन्नाशीपलीकडे होते.

नमाज ही इबादत आहे. तिला व्यायाम समजणे योग्य नव्हे. मात्र कियाम, रुकूअ आणि सजदा यांसाठी गुडघे, कंबर व मांड्यांत बळ लागते. आजारी असलेल्या हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) उभे राहून, ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर नमाज अदा करण्याची सवलत दिली. म्हणून ज्यांना खरोखर त्रास आहे, त्यांनी खुर्ची निःसंकोच घ्यावी. परंतु केवळ बैठ्या सवयीमुळे आपला सजदा आपल्यापासून दुरावत असेल, तर त्याची खंत वाटायला हवी.

न वापरलेले स्नायू लवकर क्षीण होतात. मांड्यांचे बळ घटले की तोल जातो, आणि उतारवयातील एक पडणे खुब्याचे हाड मोडून माणसाला अंथरुणाला खिळवू शकते. याउलट, नियमित चालण्याने स्नायू रक्तातील साखर अधिक वापरतात, रक्तदाब आटोक्यात राहण्यास मदत होते, झोप सुधारते आणि मनाची उदासी कमी होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ज्येष्ठांनीही आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. म्हणजे पाच दिवस रोज ३० मिनिटे. चालताना बोलता यावे, इतपतच वेग असावा. त्याशिवाय किमान तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम करावेत. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून शक्यतो हात न टेकता आठ-दहा वेळा उठावे, बसावे. आधार धरून टाचा उचलाव्यात. हृदयविकार, चक्कर किंवा इन्सुलिन सुरू असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखल्यास त्वरित थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

येथे मुला-सुनांनाही एक विनंती आहे. “अब्बा, तुम्ही उठू नका”, “अम्मी, तुम्ही बसा, आम्ही करतो” असे आपण प्रेमाने म्हणतो. माता-पित्याची सेवा निश्चितच मोठे पुण्यकर्म आहे. पण प्रत्येक वस्तू हातात आणून देण्याने त्यांची शक्तीच आपण हिरावून घेत नाही ना? घरातील वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिक घडते. कामे सुनेकडे गेली, की त्यांचे चालणे घराच्या दोन खोल्यांपुरते उरते. असरनंतर आईचा हात धरून अंगणात, गच्चीवर वा गल्लीत अर्धा तास चालणे, हीदेखील तिची खिदमतच होय.

मशिदीकडे पडणाऱ्या प्रत्येक पावलाला पुण्य आहे. गुडघे साथ देत असतील, तर जवळच्या मशिदीसाठी दुचाकी कशाला? आजपासून दहा मिनिटे चालण्यास प्रारंभ करावा आणि हळूहळू वेळ वाढवावा. थोडे असले तरी सातत्याने केलेले कर्म अल्लाहला प्रिय आहे, हीच प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

अल्लाह आपणा सर्वांना अखेरच्या श्वासापर्यंत त्याच्यापुढे नतमस्तक होण्याचे बळ देवो. आमीन.