परसातील खुराडे

ग्रामीण कुटुंबातील पाच-दहा कोंबड्या बहुधा घरच्या स्त्रीच्या मालकीच्या असतात. अंड्यांचे चार पैसे तिच्या हाती येतात आणि त्यांतून वह्या-पेन्सिली, मीठ-मिरची असा वरखर्च भागतो. मुंगसाने एका रात्रीत सहा पक्षी मारले, तर ते नुकसान कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाही. तिची पुंजी मात्र गेलेली असते. असे असूनही पिले कोणत्या जातीची घ्यावीत याची जेवढी चर्चा होते, तेवढी ती रात्री कोठे राहणार याची होत नाही.

डालग्याखाली झाकणे किंवा दगडमातीच्या कोनाड्यात कोंडणे ही जुनी रीत होय. तीत थोडेफार संरक्षण मिळते, हे खरे. परंतु हवा कोंडते, ओल साचते आणि विष्ठेतून निघणारा अमोनिया पक्ष्यांच्या डोळ्यांना व श्वासनलिकेला अपाय करतो. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकते. म्हणून विदर्भातील उन्हाळ्यात बंदिस्त खुराडे तिच्या जिवावर बेतते.

दहा कोंबड्यांसाठी ५ फूट लांब व ४ फूट रुंद खुराडे पुरेसे होते. त्याची लांबी पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे ऊन थेट आत येत नाही. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवावा. लांबीच्या भिंती खाली फूटभर भरीव व वर जाळीच्या कराव्यात. येथे काटकसर नडते. स्वस्त षट्कोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवीलच असे नाही. त्यासाठी अर्धा इंची चौकोनी वेल्डेड जाळीच हवी. आत एकाच उंचीवर ४ फुटांच्या दोन दांड्या बसवाव्यात. उंची कमी-अधिक असल्यास वरच्या दांडीसाठी रोज भांडण होते. अंड्यांसाठी फूटभर लांबी-रुंदीची दोन खोकी पुरतात. कोकणात वळचण दोन-तीन फूट पुढे काढावी.

दिवसा फिरण्यासाठी खुराड्यालगत सुमारे १०० चौरस फूट जागा जाळीने बंद करावी. जाळी जमिनीत फूटभर गाडावी, कारण उकरणारे जनावर कडेनेच आत शिरते. एका कोपऱ्यात कोरडी माती व राख ठेवल्यास कोंबड्या तीत लोळून अंगावरील उवा कमी करतात.

खुराड्यात भाताच्या तुसाचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा आणि तो वरचेवर खालीवर करावा. पक्ष्याच्या उंचीवर वाकून श्वास घेतला असता डोळे चुरचुरले, तर तूस बदलण्याची वेळ टळून गेली असे समजावे. गोचीड दिवसा फटींत लपते व रात्री रक्त पिते. तेव्हा तपासणी रात्री दिवा घेऊनच करावी आणि फटी बुजवून चुना द्यावा.

खुराड्याचा आणखी एक लाभ सहसा ध्यानात घेतला जात नाही. झाडावर बसणारी कोंबडी लसीकरणासाठी हाती लागत नाही. खुराड्यातील पक्षी पहाटे सहज धरता येतो. मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग, लसीनेच टळतो. परंतु लसीच्या एका कुपीत अनेक मात्रा असतात आणि ती एकदा तयार केली की काही तासांतच वापरावी लागते. दहा पक्ष्यांसाठी ती फोडणे कोणालाच परवडत नाही. पंचायत सदस्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून संपूर्ण वाडीसाठी एकच दिवस ठरवावा आणि आदल्या संध्याकाळी सर्व खुराडी बंद राहतील, एवढे पाहावे.