जोड-ट्रॉल्या अरुंद वळणावरून कशा न्याव्यात?

उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर फडातून साखर कारखान्याकडे निघतो, तेव्हा त्याची खरी कसोटी पाणंदीच्या वळणावर लागते. ट्रॅक्टर वळण पार करतो. परंतु मागची ट्रॉली चारीत उतरते, मोरीचा कठडा पाडते किंवा आतील बाजूस उभ्या असलेल्या माणसास चिरडते. यामागील कारण समजल्यास असे पुष्कळ अपघात टाळता येतील.

वळणावर मागील चाके पुढील चाकांच्या चाकोरीतून जात नाहीत. ती वळणाच्या आतील बाजूस सरकतात. पाया आखताना गवंडी ३, ४ व ५ या मापांनी काटकोन साधतो. तोच हिशेब येथे लागू पडतो. दोनचाकी ट्रॉलीच्या हुकापासून आसापर्यंतचे अंतर ४ मीटर आहे आणि हूक ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत आहे, असे समजा. फेरा पुरा होता होता आसाचा मध्य ३ मीटर त्रिज्येवर येतो, म्हणजे २ मीटर आत सरकतो. आतले चाक त्याच्याही आत असते. तेच वळण १० मीटर त्रिज्येने घेतल्यास हे सरकणे सुमारे ८३ सेंटीमीटरच भरते. चारचाकी ट्रॉलीत प्रथम पुढचा आस व मग मागचा आस आत येतो. दुसरी ट्रॉली त्याहूनही आत जाते.

याकरिता पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. वळणापूर्वीच वेग कमी करून खालचा गिअर टाकावा. वेग दुप्पट झाल्यास बाहेर फेकणारा जोर चौपट होतो आणि उंच रचलेला ऊस ट्रॉली उलटवितो.

२. वळणाच्या बाहेरील कडेने पुढे जाऊन मगच चाक फिरवावे व आतील बाजूच्या मागील चाकांकडे लक्ष ठेवावे. समोरून वाहन येत असल्यास थांबावे.

३. ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक कडी लावून जोडलेले असावेत. भरल्या ट्रॉलीसह एकच ब्रेक दाबल्यास मागील भार ट्रॅक्टरला आडवा ढकलतो.

४. ट्रॅक्टरचे मोठे चाक ट्रॉलीच्या दांड्याला भिडेल इतके वळू नये. एकापाठोपाठ दोन स्थिर आस असलेल्या ट्रॉलीचे टायर जागच्या जागी वळविल्यास आडवे घासून लवकर झिजतात.

५. दोन ट्रॉल्या जोडून मागे घेणे जवळजवळ अशक्य असते. वळण बसत नसेल तर मागची ट्रॉली सोडून एकेक न्यावी.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी तोडणी सुरू होण्यापूर्वी गावातील अवघड वळणांवर रिकाम्या जोड-ट्रॉल्या सावकाश फिरवून दाखवाव्यात. मागील आतल्या चाकाच्या चाकोरीवर चुन्याची फक्की टाकावी. ती रेघ जेथे चारीत किंवा बांधावर जाते, तेथे बांधाच्या मालकाच्या संमतीने कोपरा कापावा अथवा मोरी लांबवावी. तसेच या रेघेच्या आत मुलांनी व ऊसतोड कामगारांनी उभे राहू नये, हे सर्वांस प्रत्यक्ष जागेवर समजावून द्यावे.